१२१ पराभवांची बातमी आणि तिची उरलेली बाजू

संपादक महोदय,

शिकागोच्या व्हाइट सॉक्स संघाने २०२४ च्या बेसबॉल हंगामात १६२ पैकी १२१ सामने गमावल्याची बातमी आपल्या क्रीडापानावर गमतीच्या चौकटीत वाचली. त्यात १९६२ च्या न्यूयॉर्क मेट्स संघाशी तुलना आहे. मेट्सने १२० सामने गमावले हे खरे. पण तो त्यांचा पहिलाच हंगाम होता आणि इतर संघांना नको असलेल्या खेळाडूंवर त्यांची बरीच मदार होती. व्हाइट सॉक्सने मात्र २०२१ मध्येच ९३ विजयांसह आपल्या गटात पहिले स्थान मिळवले होते. अवघ्या तीन वर्षांत झालेली ही घसरण नवखेपणाची नव्हे, कारभाराची आहे. सलग २१ पराभवांची मालिका ऑगस्टमध्ये एकदाची तुटली आणि दोनच दिवसांत व्यवस्थापक (म्हणजे मुख्य प्रशिक्षक) पेद्रो ग्रिफोल यांना घरी बसवण्यात आले. पण जुलैअखेर एरिक फेडीसारखा भरवशाचा पिचर (चेंडू फेकणारा खेळाडू) दुसऱ्या संघाला देऊन टाकण्याचा निर्णय काही त्यांचा नव्हता.

२४ सप्टेंबरच्या रात्री मी मैदानावर होतो. आणखी एक पराभव झाला की आधुनिक काळात एका हंगामात सर्वाधिक पराभवांचा मेट्सचा विक्रम मोडणार होता आणि तो ‘याचि देही याचि डोळा’ पाहायला बरेच जण आले होते. खोटे कशाला बोलू, मीही त्यांतलाच. आठव्या डावात २-० अशा पिछाडीवरून यजमानांनी तीन धावा काढल्या, तेव्हा टाळ्या वाजवाव्यात की कपाळावर हात मारावा हेच आमच्या रांगेला कळेना. ‘संघ विकून टाका’ ही मालकांना उद्देशून चाललेली घोषणा मात्र एका सुरात होती. त्या रात्रीचा सामना धरून लॉस एंजेलिस एंजल्स संघाविरुद्धचे तिन्ही सामने व्हाइट सॉक्सने जिंकले आणि तो नकोसा विक्रम २७ तारखेला डेट्रॉइटमध्ये झाला.

आपल्या बातमीतून सुटलेली एक गोष्ट तर फारच बोलकी आहे. मेजर लीग बेसबॉल या स्पर्धेत तळाच्या संघाची खालच्या श्रेणीत रवानगी होत नाही. उलट नवे खेळाडू निवडताना त्याला आधी संधी मिळण्याची शक्यता अधिक असते. कोणी मुद्दाम हरू नये म्हणून लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातील २०२२ च्या करारान्वये या निवडीचे पहिले क्रमांक सोडतीने ठरू लागले आणि मोठ्या उत्पन्नाच्या संघांना सलग दोन वर्षे त्या सोडतीचा लाभ घेण्यास मनाई झाली. अशा संघांत मोडणाऱ्या व्हाइट सॉक्सला २०२४ मध्ये सोडतीतून पाचवा क्रमांक मिळालेला असल्याने, इतके हरूनही २०२५ मध्ये नियमानुसार त्यांना दहाव्याच्या वरचा क्रमांक मिळू शकला नाही.

– एक वाचक, शिकागो