एकाच स्पेलिंगचे पाच शब्द

प्रिय सुधाकर,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या नववीच्या वर्गातल्या मुलीचा प्रश्न वाचून फार आनंद झाला. ‘बे ऑफ बेंगॉल’मधला ‘बे’ म्हणजे उपसागर, मग ‘कीप ॲट बे’ म्हणजे लांब ठेवणं कसं? ‘वाक्प्रचार आहे, पाठ कर’ असं तिला सांगू नकोस. तिला खरं उत्तर मिळायलाच हवं.

या वाक्प्रचारात समुद्र नाहीच, कुत्रे आहेत. बी-ए-वाय ‘बे’ म्हणजे शिकारी कुत्र्याचं भुंकणं. आपल्या गल्लीतलं तुटक भों-भों नव्हे. फॉक्सहाउंड, ब्लडहाउंड, बीगल असे कुत्रे माग लागला की घशातून खोल, लांब हेल काढतात, तो आवाज. जुन्या फ्रेंचमध्ये त्याला ‘अबाय’ म्हणत. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं, दरबाराबरोबर शिकारीची भाषाही फ्रेंच झाली आणि हा शब्द त्या वाटेने इंग्रजीत आला.

आता शिकार डोळ्यांपुढे आण. हरणाचा नर पळून पळून दमतो. पुढे वाट उरत नाही, तेव्हा तो कड्याला किंवा ओढ्याला पाठ लावून वळतो आणि शिंगं रोखतो. कुत्रे भोवती कडं करून भुंकत राहतात, पण शिंगांच्या टप्प्यात शिरायची हिंमत एकाचीही होत नाही. त्या हरणाच्या अवस्थेला ‘ॲट बे’ म्हणत: कोंडीत सापडलेलं, पण तोंड देत उभं. पुढे नजर हरणावरून कुत्र्यांकडे वळली. हरणाने त्यांना अंतरावर रोखून धरलंय ना, मग ‘कीप ॲट बे’ म्हणजे संकट लांब ठेवणं! कोंडी झालेल्याचा शब्द कोंडी करणाऱ्याचा झाला. मला हे वळण विलक्षण आवडतं.

काही कोशकार इथे दुसऱ्या एका फ्रेंच शब्दाचीही सरमिसळ पाहतात. ‘बाये’ म्हणजे तोंड वासणं. भिंतीबाहेर काढलेली ‘बे विंडो’ यातूनच आली, कारण ती भिंतीचा उघडा ‘आ’. सरकारी कागदांत ‘निर्णय अबेयन्समध्ये ठेवला’ असं असतं ना, तो शब्दही याच घरचा: तोंड वासून वाट पाहणं! आपण दोघांनी पेन्शनच्या फायलींमागे घातलेले हेलपाटे आठवले तर हा अर्थ किती अचूक आहे ते तुला सांगायला नको.

‘बे लीफ’ मात्र वेगळ्याच कुळातलं. लॅटिनमध्ये ‘बाका’ म्हणजे बोरासारखं लहान फळ. फ्रेंचमधून येता येता फळाचं नाव लॉरेलच्या झाडालाच चिकटलं, ज्याच्या डहाळ्यांचा मुकुट प्राचीन ग्रीसमधल्या डेल्फीच्या खेळांत विजेत्याला घालत. इथे मुलांना एक गोष्ट जरूर दाखव. आपलं तमालपत्र म्हणजे ते पान नव्हे, जरी पाकिटावर ‘बे लीफ’ छापलेलं असलं तरी. तमालपत्रावर देठाकडून टोकाकडे तीन ठळक शिरा धावतात. लॉरेलच्या पानात मधली एकच शीर आणि तिला दोन्हीकडे फाटे. तमाल हा दालचिनीचा भाऊबंद आहे. डब्यातलं पान वर्गात नेलंस तरी पुरे.

घोड्याचा ‘बे’ तुझ्या शहाद्याच्या मुलांना लगेच कळेल. अंग तांबूस तपकिरी, आयाळ, शेपूट आणि पाय काळे: सारंगखेड्याच्या घोडेबाजारातला कुमैत. मूळ लॅटिन ‘बादियुस’.

राहिला उपसागर. तो उत्तरकालीन लॅटिनमधल्या ‘बाइया’चा, पोर्तुगीज ‘बाहिया’ही तोच. आणि इथे तो आपल्या दारात येतो. ‘बॉम्बे’ हे नाव ‘बॉम बाहिया’, म्हणजे ‘चांगला उपसागर’, यावरून पडलं असं अजून मोठमोठी माणसं सांगतात. पण पोर्तुगीजमध्ये ‘बाहिया’ स्त्रीलिंगी आहे. तिला ‘बॉम’ हे पुल्लिंगी विशेषण लागणार नाही, ‘बोआ’ लागेल. नाव मुंबादेवीचंच. पोर्तुगीजांनी ‘बोंबाईं’ केलं, इंग्रजांनी ‘बॉम्बे’. शहरात हा ‘बे’ खरोखर आहे तो बॅकबेत, मरीन ड्राइव्हच्या कमानीपुढे.

त्या मुलीला माझ्याकडून शाबासकी दे आणि तिचा पुढचा प्रश्न लगेच कळव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनायक