राखेखालचा विस्तव

नागपूर,
३० ऑगस्ट २०२३

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर बाबांना नीट ऐकू येत नाही आणि आई, तू "बोल बोल, मी सांगते त्यांना" म्हणत माझं अर्धंच पोचवतेस. म्हणून हे पत्र. बाबांना स्वतः वाचू दे.

गेल्या बुधवारी चांद्रयान-३ चंद्रावर उतरताना बघायला आमच्या विभागाच्या हॉलमध्ये साडेपाचलाच पाय ठेवायला जागा नव्हती. भूगर्भशास्त्राची पोरं होतीच, भौतिकशास्त्रवालेही घुसले होते. सहा वाजले आणि पडद्यावरचं चित्र अडकायला लागलं. विक्रम, म्हणजे यानाचा उतरणारा भाग, खाली येतोय, येतोय, आणि मध्येच ते गोल फिरणारं चक्र! तेवढ्यात बाहेर व्हरांड्यातून शिपाईकाका ओरडले, "उतरलं ना बाप्पा!" त्यांच्या मोबाइलवर आधी दिसलं होतं, आमचं यान अजून हवेतच, म्हणजे तिथे हवा नाही, पण अधांतरीच. सर त्यांच्यावर चिडले आणि मग स्वतःच हसत सुटले. ६ वाजून ४ मिनिटं झाली होती.

बाबा, मला २०१९ ची, चांद्रयान-२ ची रात्र आठवली. घरात गणपती बसलेले, रात्रीचे दोन वाजत आलेले, आणि जमीन जेमतेम दोन किलोमीटरवर असताना संपर्क तुटला. तुम्ही टीव्ही बंद केलात, समईत तेल घातलंत आणि एक शब्द न बोलता आडवे झालात. या वेळी यानाचे पाय मजबूत केले होते, इंधन जास्त भरलं होतं. तेव्हा उतरायची जागा ५०० मीटरचा चौकोन होती, आता ती ४ किलोमीटर लांब ठेवली होती. काहीतरी चुकणारच, असं धरून सगळी आखणी. तुम्ही मला परीक्षेला तासभर आधी नेऊन बसवायचात, तसंच.

आई, तू विचारलंस, "त्यात तुमचं काय होतं गं?" खरं सांगू? काही नव्हतं. एक स्क्रूसुद्धा नाही. तरी आम्ही पेढे वाटले, तर्री पोहे हाणले आणि लॉ कॉलेज चौकापर्यंत ओरडत गेलो.

पण माझा खरा सण रविवारी झाला. विक्रमने चंद्राच्या मातीत एक सळई खुपसली होती, तापमान मोजणारी. इस्रोने तिचा आलेख काढला. वर पन्नास अंश, आणि फक्त ८ सेंटीमीटर खाली उणे १०! चार बोटांत एवढा फरक. एक पोरगा म्हणाला, यंत्र बिघडलं असेल. मला मात्र आपली चूल दिसली. तू रात्री विस्तवावर राख ओढायचीस, सकाळी राख सारून फुंकर घातली की निखारा लाल. वरच्या राखेवर हात ठेवला तरी भाजायचं नाही. चंद्राची माती अशीच, पिठासारखी बारीक, आणि कणाकणांमध्ये हवाही नाही. तुझी राख ऊब बाहेर जाऊ देत नाही, ती माती आत शिरू देत नाही. मी सरांना हे सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात हेच सांगितलं, तुझं नाव न घेता!

बाबा, काल गंधक सापडल्याचंही जाहीर झालं. प्रज्ञान, म्हणजे विक्रममधून उतरलेली ती छोटी गाडी, मातीवर लेझर मारतो आणि त्या ठिणगीच्या उजेडावरून आत काय काय आहे ते ओळखतो. तुम्ही मेहकरहून मला लोणारला सायकलवर डबलसीट नेलं होतं, तिथलेच काळे दगड मी आता इथे कापत बसते. चंद्रावर जसे खड्डे पडले तसाच आपला लोणारचा, वरून उल्का आदळून पडलेला, तोही बेसाल्टात, म्हणजे याच काळ्या दगडात. तिकडची मूठभर माती या दगडांशेजारी ठेवून बघायची फार इच्छा आहे. प्रज्ञानकडे तर आता चार-पाच दिवसच उरलेत. मग तिथे रात्र, आणि ऊन नाही तर त्याला वीज नाही.

बाबांच्या कानाच्या मशीनचे सेल राखीच्याच पाकिटात टाकलेत, आठवणीने लावायला सांग. राखी उशिरा पोचेल. दादाला म्हणावं, बहीण या वर्षी चंद्रावर होती.

तुमची,
सुमी