पोळ्याला सोहम येतोय, त्याआधी

हिंगणघाट,
नागपंचमीचा दुसरा दिवस

ती. आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायला गेलं की आई रडते आणि बाबा "बरं बरं" म्हणून फोन ठेवून देतात. म्हणून लिहिते. बाबा, आईला वाचून दाखवा, पण मधलं गाळू नका.

सोहम पोळ्याला येतोय, चार दिवस राहील. मागच्या वेळी ढेप भिजवायला सांगितली तर हा बादली कोठ्याच्या दारात ठेवून सरड्यामागे पळाला आणि कालवडीनं बादली लाथाडली. रात्री पंगतीत काका सगळ्यांदेखत म्हणाले, "पोट्टं लय वांड हाय, दोन ठेवून द्या, सुदरते." तो हसला. परतीच्या बसमध्ये मला म्हणाला, "आई, मी मुद्दाम नाही करत गं."

त्याला जे आहे त्याला एडीएचडी म्हणतात, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं जड जातं. त्याच्या शाळेत वर्षातून एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं. त्यांनी बाईंशी बोलून जिल्ह्याच्या दवाखान्यात, वर्ध्याला, जायची चिठ्ठी दिली. त्याआधी मी एका खाजगी डॉक्टरकडून बुद्धीच्या टॉनिकच्या तीन बाटल्या आणल्या होत्या. त्या बाटल्यांत तो आता बेडकाची पिल्लं पाळतो, तेवढाच उपयोग झाला.

मला वाटलं होतं वर्ध्याला रक्त काढतील, डोक्याचा फोटो काढतील. तसं काही नसतं. आधी डोळे-कान पाहिले, मग प्रश्नांचा एक कागद मला दिला आणि एक शाळेतल्या बाईंसाठी. घरी होतं तसंच शाळेतही होतं का, सहा महिन्यांपासून तरी आहे का, वयाच्या बाराव्या वर्षाआधीच दिसायला लागलं का, असं सगळं विचारून ठरवतात. डॉक्टरबाई म्हणाल्या, याला कळत नाही असं नाही, कळलेलं नेमक्या वेळी हाताशी येत नाही. थांबणं, मनात आलेलं दाबून धरणं, हातातलं काम संपवणं ज्या भागाकडे आहे, तो मेंदूचा भाग अशा पोरांचा जरा मागून पिकतो. आपल्या वावरात मूग पोळ्याच्या आसपास निघतो आणि तूर संक्रांतीकडे, पण तुरीला कुणी आळशी म्हणत नाही. मोठेपणी सगळ्यांचं जातंच असंही नाही, काहींचं राहतं. हे त्यांनी लपवलं नाही, मीही लपवत नाही.

आई, गोड खाल्ल्यानं हे होत नाही. तू दृष्ट काढतेस ती काढ, मिरच्या जळताना त्याला मजा येते.

आणि मोबाइल दोन तास बरा जमतो, हे मलाही सगळे ऐकवतात. मोबाइल जागच्या जागी बक्षीस देतो, गणित देतं परीक्षेनंतर. याचं मन तितका वेळ उधारीवर चालत नाही.

आता काय करतो ते सांगते. बाबा, खरं म्हणजे हे तुम्हाला येतं. सर्जा गोऱ्हा होता तेव्हाचं मला लख्ख आठवतं. तुम्ही त्याला एकदम वखराला लावलं नाही. आधी ढवळ्याच्या जोडीला नुसता ओंडका ओढायला लावला, दोन फेऱ्या झाल्या की सोडायचे. आणि गुळाचा खडा तिथेच धुऱ्यावर द्यायचे, संध्याकाळी घरी आल्यावर नाही. मी विचारलं होतं तर म्हणालात, "घरी देल्ला तं त्याले कसं समजन कायचा देल्ला?"

आम्ही तेवढंच करतो. अभ्यास दहा मिनिटं, मग अंगणात दोन चकरा, परत दहा मिनिटं. सयपाकघरातून ओरडून काही सांगत नाही. जवळ जायचं, खांद्यावर हात ठेवायचा, एकच काम सांगायचं आणि त्याच्याकडून वदवून घ्यायचं. "हातपाय धू, दप्तर भर आणि दळण घेऊन ये" म्हटलं की दळण राहिलंच म्हणून समजा. झालं की लगेच शाबासकी, तीही नुसतं "गुणाचा" म्हणून नाही, "बादली जागेवर ठेवलीस" असं नाव घेऊन. शाळेत बाईंनी त्याला खिडकीपासून उठवून पुढे बसवलं आणि तासाची घंटा वाजवायचं काम दिलं. एका वहीत त्या रोज तीन खुणा करतात: जागेवर बसला, हात वर करून बोलला, वही पूर्ण केली. दोन खुणा आल्या की संध्याकाळी यांच्यासोबत ट्रॅक्टरवर एक फेरी. तीन आठवडे झकास चाललं, मग ट्रॅक्टरचा कंटाळा आला. आता विहिरीची मोटर सुरू करायला नेतात. पुढच्या महिन्यात आणखी काही शोधावं लागेल. हे दमवतं, खोटं कशाला बोलू. काही दिवस मीही ओरडते आणि रात्री तो झोपला की त्याचे पाय दाबत बसते.

सकाळी न्याहारीनंतर त्याची एक गोळी असते, मिथाइलफेनिडेट नावाची. झोपेची नाही, येड्याची तर नाहीच. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही, म्हणून मोजून पाठवते. मलाही आधी नको वाटली होती. गोळीनं शिस्त लागत नाही, पण सांगितलेलं कानात शिरेपर्यंत तो थांबतो. दुपारी मात्र भूक मरते. आई, पोळ्याच्या दिवशी पुरणपोळी उष्टी टाकली तर मागे लागू नकोस, झाकून ठेव, दिवे लागल्यावर चार खाईल. आणि "लेकरू वाळलं" म्हणून गोळी बंद करू नकोस. त्याचं वजन डॉक्टर बघताहेत.

एक सांगायचं राहिलं, आणि खरं तर तेच सांगायला बसले होते. डॉक्टरबाईंनी विचारलं, घरात आधी कुणी असं होतं का, हे घराण्यात चालतं. यांनी माझ्याकडे पाहिलं, मी यांच्याकडे. मग मला दादा आठवला. पाटी हरवणारा, शाळेतून पांदणीनं परस्पर वावरात जाणारा, आठवीत शाळा सुटलेला आणि बंद पडलेला रेडिओ उघडून बोलता करणारा दादा. त्याला हेच होतं असं मी म्हणत नाही, डॉक्टरनं पाहिल्याशिवाय कुणी म्हणूही नये. पण बाबा, बैल हाकायच्या तुमच्या तुतारीच्या टोकाला आर नव्हती. बैलाला टोचायचं नाही म्हणून तुम्ही ती कधी लावलीच नाही. आणि त्याच तुतारीनं दादाची पाठ सुजवली होती. तेव्हा कुणाला काही माहीत नव्हतं. गुरुजीही मारत होते, आता शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यानं शाळेत मारायला बंदी आहे. तुम्हाला दोष द्यायला लिहीत नाही. दादा पुण्याहून फोन करतो तेव्हा अजूनही आधी आईशीच बोलतो, एवढंच मला दिसतं. या पोळ्याला तुम्हीच त्याला फोन लावा.

तर सोहमसाठी इतकंच करा. काकांना आधीच सांगून ठेवा, पंगतीत त्याचा विषय नको. मागच्या विहिरीला जाळी नाही, तिकडे त्याला एकटं सोडू नका. नको म्हटलेलं त्याला आठवतं, पण उडी मारून झाल्यावर. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणीला त्याला सोबत घ्या, सर्ज्याच्या खांद्याला तूप-हळद त्यालाच लावू द्या. बैलांना म्हणायचं "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या" आठ दिवसांपासून पाठ करतोय, आमच्या शेळीलाही आवतन देऊन झालं.

तान्ह्या पोळ्यासाठी त्याचा लाकडी नंदी पिशवीत आहे. एक चाक निघालंय. इथं यांनी बसवू म्हटलं तर नाही म्हणाला, आबाजीकडे बसवायचं म्हणे. दोन बारीक खिळे आणि ती लहान हातोडी काढून ठेवा. सकाळी द्या, गोळीनंतर.

तुमची,
मंदा