बाबांच्या ऑपरेशनआधी

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, काल फोनवर तुम्ही म्हणालात, "आदल्या दुपारपासूनच काही खाणार-पिणार नाही, पोट जितकं रिकामं तितकं बरं." तेव्हापासून मला चैन नाही.

आई, तुझं पित्ताशयाचं ऑपरेशन आठव. रात्री दहानंतर तू पाण्याचा थेंबही घेतला नव्हतास आणि नंबर लागला दुपारी दोनला. ओठ सुकलेले, एकच घोट मागत होतीस आणि मीच नको म्हणत होते. ते अजून मनात सलतं. भुलेत पोटातलं श्वासनलिकेत जाण्याची भीती खरीच असते, म्हणून जेवण किमान सहा तास आधी बंद, तेलकट-जड असेल तर आठ. पण पाणी जठरातून लवकर पुढे सरकतं. बहुतेकांना ते भुलेच्या दोन तास आधीपर्यंत चालतं, हे मला फार उशिरा कळलं.

आता मोठ्या ऑपरेशनआधी काही ठिकाणी कर्बोदकांचं खास पेयही देतात. माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चपासून काढलेली भुकटी, विरघळवलेलं, पाण्यासारखं नितळ. साधारण आदल्या रात्री 800 मिली आणि भुलेच्या दोन-तीन तास आधी 400 मिली. रात्रभर उपाशी राहिलं की यकृतातला साखरेचा साठा उतरतो. त्यात ऑपरेशनचा ताण आला की शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, रक्तातली साखर चढते, स्नायू झिजतात. हे पेय घेतलं की शरीर उपाशी नाही, जेवलेल्या अवस्थेत टेबलावर जातं. फार मोठ्या आशा मात्र नकोत. 2014 साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेणाऱ्या संस्थेने अशा पेयाच्या 27 चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा दवाखान्यातला मुक्काम सरासरी अर्ध्या दिवसाहूनही कमीच घटलेला दिसला आणि गुंतागुंतीत फरक आढळला नाही. तरी तहान, भूक, जिवाची तगमग कमी होते. तुझा तो दिवस पाहिल्यावर मला तेवढंही खूप वाटतं.

पण बाबा, तुम्हाला मधुमेह आहे. मधुमेहात काहींचं जठर हळू रिकामं होतं, आणि या पेयाने साखर वाढते. म्हणून मनाने काही पिऊ नका आणि मनाने उपाशीही राहू नका. तपासणीला जाल तेव्हा भूलतज्ज्ञांनाच विचारा: हे पेय मला चालेल का? नसेल तर पाणी किती वाजेपर्यंत? त्या सकाळी गोळ्या घ्यायच्या की नाही? आई, तू उत्तरं वेळेसकट लिहून घे. दुधाचा चहा आणि गर असलेला फळांचा रस पाण्यात धरायचा नाही, हेही लक्षात ठेव.

आणि नंबर पुढे ढकलला गेला, तर सिस्टरना लगेच विचार, "आता यांना पाणी देऊ का?" संकोच करू नकोस. मी आदल्या संध्याकाळी पोचतेच आहे, या वेळी मीही विचारीन.

तुमची लेक