नालबंद चाचांना, चांदीच्या जिवाबद्दल

चाचा, सलाम.

मार्गशीर्षातल्या त्या रात्री आमच्या चांदी घोडीनं संध्याकाळचा तोबरा तसाच सोडला. दहाच्या सुमारास बॅटरी घेऊन गोठ्यात गेले, तर ती पुढच्या उजव्या पायानं जमीन उकरत होती. थोडं थांबायची, मान वळवून स्वतःच्या कुशीकडे पाहायची, पुन्हा उकरायची. एवढ्या थंडीत मानेवर घाम. मी तालुक्याच्या डॉक्टरांना फोन लावला. "काय होतंय नेमकं?" त्यांनी विचारलं. आणि चाचा, मला ते सांगता आलं.

दुपारपासून लीद नाही. कुशीला कान लावला तर पोटातली गुडगुड जवळपास बंद. हिरडी अंगठ्यानं दाबून सोडली की रंग परतायला तीन सेकंद लागतात. जबड्याच्या हाडाखालच्या नाडीवर बोट ठेवून पंधरा सेकंद मोजले, पंधरा ठोके भरले, म्हणजे मिनिटाला ६०. शांत उभ्या घोड्याचे २८ ते ४४ असतात, हे तुम्हीच माझ्याकडून आकड्यानिशी पाठ करून घेतलं होतं. "पोटशूळ आहे, निघालो," डॉक्टर म्हणाले आणि फोन ठेवला. सहा महिन्यांपूर्वी मी "घोडी कशीतरीच करते, लवकर या" एवढंच बोलू शकले असते.

ते येईपर्यंत आवारात चार माणसं जमली. एकानं घरून जवसाच्या तेलाची बाटली आणली, म्हणाला, तोंड वर धरा, नाकातून सोडतो, मोकळी होईल. त्याचा हेतू चांगलाच होता. पण मला तुमचं वाक्य आठवलं : "बेटी, घोड्याले उलटी होत नाही. अन् जबरीनं पाजलेलं तेल पोटात जाईल का फुप्फुसात, हे पाजणाऱ्याले समजत नाही." मी बाटली हातातून घेतली आणि बाजूला ठेवली. मोठ्या माणसाच्या हातातून असं काही काढून घ्यायची माझी पहिलीच वेळ. मग चांदीला हळूहळू फिरवत राहिले.

डॉक्टरांनी नाकपुडीतून नळी थेट जठरापर्यंत घातली. आधी पाहिलं, आत पाणी तुंबलं आहे का. तुंबलेलं असतं तर त्याला बाहेर पडायला दुसरी वाट नसते, पोट फुटू शकतं. तुंबलेलं नव्हतं. वेदनेचं इंजेक्शन दिलं, त्याच नळीनं कोमट पाणी आणि पॅराफिनचं तेल सोडलं. पहाटे साडेचारला चांदीनं लीद टाकली. मी ती हातात घेऊन पाहिली. कोरडी, घट्ट, त्यात सोयाबीनच्या कुटाराच्या, म्हणजे मळणीनंतरच्या भुश्याच्या, काड्या जशाच्या तशा. चूक माझी होती. कडबा संपला म्हणून आठवडाभर कुटारावर भागवलं, आणि थंडीत ती पाणी कमी पिते याकडे लक्ष दिलं नाही. आता सकाळ-संध्याकाळ पाणी कोमट करून ठेवते.

चाचा, बाबांना लकवा मारला तेव्हा त्यांचा उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. घोड्याबद्दलचं सगळं त्यांच्याच जिभेवर होतं, घरात दुसऱ्या कोणाकडे नव्हतं. तीस वर्षं त्यांनी पंचक्रोशीतल्या वरातींना घोडी नेली आणि मला तिच्या जवळ फारसं येऊ दिलं नाही, लाथ बसेल म्हणून. लगीनसराई तोंडावर, घोडी दारात, आणि मला मोरखी कोणती आणि लगाम कोणता एवढंही ठाऊक नाही. तुम्ही नाल बदलायला आलात, बाबांच्या खाटेजवळ बसलात, आणि उठताना म्हणालात, "चल, घोडी दाखवतो तुले." तुमचीच नाल, तुमचीच मजुरी, आणि वर एक अख्खी दुपार. त्यानंतर अशा किती दुपारी झाल्या.

पहिल्या दिवशी तुम्ही मला पायांवरून हात फिरवायला लावलात. पुढच्या पायाच्या गुडघ्याखाली मांस नसतं, हाड, नसा आणि वर कातडी एवढंच. म्हणून तिथली सूज डोळ्याला दिसायच्या आधी तळव्याला गरम लागते. रोज, दोन्ही पायांची तुलना करत. मग खूर उचलून खालची त्रिकोणी मऊ पुतळी दाखवलीत. बाहेरची भिंत म्हणजे आपलं नखच, तिथे खिळा दुखत नाही. आतल्या जिवंत भागात गेला तर घोडं लंगडतं आणि धनुर्वाताची भीती. घोड्याला धनुर्वात फार लवकर लागतो, तेव्हा जखम झाली की इंजेक्शन विचारायचंच. पावसाळ्यात आमच्या काळ्या मातीच्या चिखलात उभी राहून तिच्या पुतळीच्या कडेला काळं, घाण वासाचं कुजणं सुरू झालं होतं. तुम्ही खुराच्या सुरीनं ते खरवडलंत आणि मला वास घ्यायला लावलात, पुन्हा ओळखता यावा म्हणून. ओळखते आता.

रंगांची दुपार मला सगळ्यात आवडली. आम्ही सारे चांदीला पांढरी म्हणायचो. बाबांना ती एका व्यापाऱ्यानं 'नुकरी' म्हणून विकली होती, आणि नुकरीचा भाव वेगळा असतो. तुम्ही पाण्याची बादली मागवलीत आणि तिच्या खांद्यावर ओतलीत. केस ओले होऊन चिकटले आणि खालची कातडी काळीशार दिसली. "नुकरी असती तर कातडी गुलाबी राहते, नाक पाह्य. ही सब्जी हाय. जन्मली तेव्हा काळपट असन, वर्षावर्षानं उजळली." मग सांगितलंत की सब्ज्या जनावराला उतारवयात शेपटीखाली काळ्या गाठी येतात, तेव्हा अंघोळ घालताना शेपूट उचलून पाहत जा. त्या दिवसापासून पाहते. कुमाईत आणि सुरंग यांत माझा हमखास घोळ व्हायचा, दोन्ही तांबूसच. कुमाईताची अयाळ, शेपूट आणि पायांची बुडं काळी, सुरंगाची अयाळही अंगासारखी तांबडी, एवढं धरून ठेवलं आणि घोळ संपला. मुश्की काळा, अबलख ठिपक्याठिपक्यांचा नव्हे तर मोठ्या चट्ट्यांचा, चारी पाय आणि तोंड पांढरं तो पंचकल्याणी. मी एकेक शब्द खाटेजवळ जाऊन मोठ्यानं म्हणायची. सुरंगाला कुमाईत म्हणाले की बाबा डाव्या हातानं खाटेच्या काठावर थाप मारायचे. बरोबर म्हणाले की डोळे मिटायचे. लकव्यानंतर आमच्यात झालेलं ते पहिलं बोलणं होतं.

आणि दात. पाच वर्षांची म्हणून घेतलेल्या घोडीचा खालचा ओठ तुम्ही अंगठ्यानं खाली केलात. समोरच्या सहा दातांवरचे खड्डे मधल्या जोडीत साधारण सहाव्या वर्षी बुजतात, शेजारच्या जोडीत सातव्या, कडेच्या आठव्या. चांदीचे सहाही बुजलेले. तुम्ही बाबांकडे पाहिलंत आणि व्यापाऱ्याबद्दल एक शब्द बोलला नाहीत. त्याबद्दलही आभार, कारण बाबांना तो बोल सोसला नसता.

इतर घोडीवाल्यांसाठी दोन गोष्टी इथेच लिहिते, तुमची हरकत नसेल असं धरून. पावसाळ्यानंतर ताप येऊन-जाऊन राहत असेल, घोडी खाऊनही वाळत असेल, पोटाखाली नि पायांवर सूज असेल, तर चावऱ्या माश्यांनी पसरणारा सर्रा हा रोग असू शकतो. रक्त तपासून घ्या, वेळेत औषध आहे. आणि नाकातून चिकट स्राव, आत जखमा, अंगावर फुटणाऱ्या गाठी दिसल्या तर ग्लँडर्स या संसर्गाच्या रोगाची शंका घ्या. तो माणसालाही होतो. वरातीच्या ठिकाणी चार घोड्या एका टाक्यात पाणी पितात, ते थांबवा. आपली बादली आपल्यासोबत न्या. तुम्ही हे मला सांगितलंत तेव्हा आवाज चढवला होता, एकदाच.

पोटशुळाच्या रात्रीनंतर पंधरा दिवसांनी चांदी वरातीला उभी राहिली. बँडच्या पुढे, गळ्यात माळ, कान पुढे. मी लगाम धरून चालत होते. नवरदेवाच्या मामानं विचारलं, घोडी पांढरी ना? मी म्हणाले, सब्जी आहे.

चाचा, तिच्या खुरांना आता सात आठवडे होत आले, टाच वाढली आहे. तुमच्या गुडघ्याचं दुखणं वाढलंय असं कळलं, तेव्हा तुम्ही एसटीनं येऊ नका. शुक्रवारची नमाज आटोपली की माझा भाऊ गाडी घेऊन येईल. आईनं तुरीच्या ओल्या शेंगा राखून ठेवल्या आहेत, आल्यावर उकडते म्हणाली. बाबांना सांगितलं तुम्ही येणार, तर त्यांनी डावा हात गोठ्याकडे केला.

तुमची,
चांदीवाल्यांची पोरगी