पाइप ऑर्गनवर वाळवीचे औषध मारल्याबाबत तक्रार

बोरी, तालुका फोंडा, गोवा

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय: वाळवी-प्रतिबंधाच्या कामात आमच्या घरातील पाइप ऑर्गनचे झालेले नुकसान, आपले त्यावरचे उत्तर आणि भरपाई

संदर्भ: आपल्यासोबतचा वार्षिक करार आणि आपला ईमेल

महोदय,

आपला ईमेल मिळाला. "आपल्या पियानोच्या संदर्भात झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत," असे त्यात म्हटले आहे. आमच्या घरी पियानो नाही, कधीच नव्हता. करारात शेऱ्याच्या रकान्यात मी 'पाइप ऑर्गन, याला हात लावू नये' असे लिहिले आणि आपल्या प्रतिनिधीने त्याखाली सही केली. कामाच्या आदल्या दिवशी तेच ईमेलने कळवले. शिवाय दिवाणखान्याच्या दारावर मोठ्या अक्षरांत कागद चिकटवला. तो कागद दुपारी दारावर तसाच होता, फक्त त्यावर आपल्या माणसांची शिडी टेकवलेली होती.

काम कशाचे होते? घर जुने, चिऱ्याच्या भिंती, कौलारू छप्पर. वसरीच्या दोन वाशांना आणि मागच्या खोलीतल्या चौकटीला वाळवी लागली होती. पायाच्या कडेने आणि भिंत-जमिनीच्या सांध्यात भोके पाडून औषध सोडायचे आणि ते वासे व चौकट हाताळायची, असे ठरले होते. ते काम ठीक झाले असेल, त्याबद्दल माझी तक्रार नाही. वासामुळे घर रिकामे करा म्हणाले, म्हणून आम्ही शेजारी जाऊन बसलो. परत आलो तेव्हा ऑर्गनची मागची फळी उघडी होती, नळ्यांची एक रांग वसरीवर वर्तमानपत्रावर आडवी टाकलेली होती आणि आतून रॉकेलसारखा उग्र वास येत होता. मी विचारले तेव्हा आपल्या तंत्रज्ञाने दिलेले उत्तर जसेच्या तसे देते: "मॅडम, ठोकून बघितलं तर आत सगळं पोकळ लागलं. म्हणून सगळीकडे औषध मारलं."

महोदय, ऑर्गन आतून पोकळच असतो. पोकळ नसता तर तो वाजला नसता.

आपण लिहिता की "जुन्या लाकडी फर्निचरवरील फवारणी हा सेवेचाच भाग असून त्यातून होणाऱ्या नुकसानीस कंपनी जबाबदार नाही." पुढचा सगळा वाद इथेच अडणार असल्यामुळे ही वस्तू काय आहे ते थोडक्यात सांगते. माझे वडील जत्रेतल्या नाटकांना ऑर्गनची साथ करत. नाटकवाले ज्याला ऑर्गन म्हणतात ती पायपेटी. तिच्यात पितळी पत्त्या थरथरतात, म्हणजे ती हार्मोनियमची थोरली बहीण. वडिलांना मात्र नळ्यांचा खरा ऑर्गन घरात हवा होता. १९६१ नंतर मडगावकडचे एक कुटुंब लिस्बनला जायला निघाले, तेव्हा त्यांच्या घरातला हा लहानसा ऑर्गन विकायला निघाला. बाकीचे गिऱ्हाईक लाकडाची किंमत करत होते, वडिलांनी वाद्याची केली. तेव्हापासून गणेश चवथीच्या रात्री घुमट-शामेळ या तालवाद्यांवरच्या आरत्या संपल्या की आमच्याकडे नाट्यपदे या ऑर्गनवर होतात. दीनानाथांचे मंगेशी इथून फार लांब नाही, ऐकणाऱ्यांचे कान तयार असतात.

कपाटासारखी दिसणारी ही वस्तू आतून अशी आहे. भात्यातून हवा एका लांबट पेटीत येते. या पेटीत प्रत्येक पट्टीसाठी एक लाकडी झडप असते. झडपेला मेंढीचे मऊ पांढरे कातडे सरसाने चिकटवलेले असते आणि खालून एक बारीक स्प्रिंग तिला दाबून धरते. पट्टी दाबली की झडप उघडते आणि वरच्या नळीत हवा जाते. आमच्या ऑर्गनला जुन्या पद्धतीच्या ४५ पट्ट्या आहेत, खालच्या सप्तकातले चार काळे सूर त्यात नाहीत. रांगा तीन, म्हणजे नळ्या १३५. आठ फुटी रांग लाकडी असून तिच्या नळ्यांना वरून बूच आहे. बूच असले की चार फुटांची नळी आठ फुटांच्या उघड्या नळीइतका खर्ज देते, त्यामुळे हा ऑर्गन घरात मावतो. बाकी दोन रांगा शिसे आणि कथिल यांच्या मिश्रधातूच्या आहेत. दोन फुटी रांगेतल्या सर्वांत लहान नळीचा वाजणारा भाग जेमतेम दीड इंच आहे. अंगठ्याने जरा दाबले तरी तिला पोचा पडतो.

या पेटीतल्या हवेचा दाब इतका कमी असतो की तो पाण्याच्या स्तंभावर मोजतात. लहान ऑर्गनमध्ये साधारण ५० ते ७५ मिलिमीटर. आपल्या माणसाने या पेटीच्या तळाला ड्रिलने भोके पाडली आणि नळी घालून आत औषध सोडले.

परिणाम काय झाला, तेही ऐका. औषध पाण्यात मिसळून मारले होते आणि सरस पाण्याने सुटतो. सरसाचा हा गुण एरवी सोयीचा असतो, कारण शंभर वर्षांनीसुद्धा सांधा कोमट पाण्याने उकलून पुन्हा जोडता येतो. मात्र पेटीभर ओल गेली की नको ते सांधेही सुटतात. झडपांचे कातडे फुगून सुरकुतले आणि काही झडपा आता पूर्ण बसत नाहीत. ब्लोअर सुरू केला की कुणी पट्टी न दाबताही मधल्या सप्तकातले सूर आपोआप वाजत राहतात. पेटीवाले याला सूर चिकटला म्हणतात. इथे चिकटलेला सूर एक नाही. खालच्या भागात एक पट्टी दाबली की शेजारचीही कण्हते, याचा अर्थ आतल्या कप्प्यांच्या भिंतींमधून हवा गळते आहे.

भोके बुजवायला आपल्या माणसांनी सिलिकॉन वापरले. रिकामी ट्यूब मागे कचऱ्यात सापडली. ती ॲसेटॉक्सी प्रकारची आहे, सुकताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ती. हा वास ॲसेटिक आम्लाच्या वाफेचा असतो आणि शिशाचे त्याच्याशी हाडवैर आहे. युरोपात जुन्या ऑर्गनच्या शिशाच्या नळ्या लाकडातून निघणाऱ्या अशाच आम्लांच्या वाफेने खाल्ल्या गेल्या आहेत. जर्मनीत ल्यूबेकच्या सेंट याकोबी चर्चमधला स्टेलवागन ऑर्गन हे त्याचे अभ्यासकांत गाजलेले उदाहरण. तिथे ही वाफ लाकडातून येत होती, आमच्याकडे आपण ट्यूबमधून आणून भरली. नळ्यांच्या पायाशी पांढरी भुकटी दिसू लागली तर मला आश्चर्य वाटणार नाही. म्हणून मी सिलिकॉन जमेल तितके खरवडून काढले आणि धातूच्या सगळ्या नळ्या दुसऱ्या खोलीत कापडावर वेगवेगळ्या उभ्या ठेवल्या आहेत. हे माझे काम नव्हते.

आणखी एक बारीकशी गोष्ट. पावसाळ्यात आमच्याकडे हवेची आर्द्रता बहुतेक वेळ ८५-९० टक्क्यांच्या आसपास असते. ऑर्गनच्या खोलीत मी ती यंत्र लावून ६० च्या आसपास ठेवते. ड्रिल लावण्यासाठी त्या यंत्राचा प्लग काढला गेला आणि पुन्हा बसवला गेला नाही. ओल्या पेटीला पहिली रात्र तशीच काढावी लागली.

यावर उपाय म्हणून आपण तीन गोष्टी देऊ केल्या आहेत. तिन्ही नाकारते, आणि कारणे लेखी राहावीत म्हणून इथे देते.

पहिली, मोफत पुन्हा फवारणी. हे वाचून मी ईमेल दोनदा वाचला. ऑर्गनमध्ये वाळवी नव्हतीच. असती तरी अशा वाद्याला औषध आतून मारत नाहीत. बाहेरच्या लाकडावर नेमक्या जागी ब्रशने लावतात, किंवा संग्रहालयात करतात तसे वस्तू बंद करून आतला ऑक्सिजन काढून घेऊन कीड मारतात. दुसरी, आपला सुतार पाठवून 'भोके बुजवून पॉलिश'. सुतार येणार तो बाजारातला पांढरा गोंद घेऊन, आणि तो गोंद सरसासारखा उकलत नाही. पुढे खऱ्या कारागिराला तो सांधा फोडावा लागेल. तिसरी सूचना सर्वांत सद्हेतूची आणि सर्वांत घातक आहे: "पियानो ट्यूनर पाठवून मोबाइल ॲपवर सूर जुळवून देऊ."

या ऑर्गनचे सूर आजच्यासारखे समान अंतरावर लावलेले नाहीत. जुन्या मीनटोन पद्धतीने लावलेले आहेत. तिच्यात षड्ज-गंधाराचे अंतर शुद्ध, म्हणजे ५:४ या प्रमाणात येते. हार्मोनियमचा गंधार यापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो. सेंट म्हणजे सेमीटोनचा, म्हणजे हार्मोनियमच्या लगतच्या दोन सुरांमधल्या अंतराचा, शंभरावा भाग. ज्याला चढा गंधार टोचतो तो गायक आमच्याकडे आला की पहिल्या दोन ओळींतच सुखावतो. याची किंमत म्हणून काही काळ्या पट्ट्यांतून गाता येत नाही, ते आम्हाला चालते. ॲप घेऊन आलेला ट्यूनर हे सगळे 'बेसूर' ठरवून सपाट करेल. त्यासाठी तो धातूच्या नळ्यांची तोंडे दाबेल किंवा कापेल, आणि कापलेले परत येत नाही. त्यातून नळीचा सूर हवेच्या तापमानाबरोबर अंशाला साधारण ३ सेंट हलतो. नळी हातात धरली तरी तो चढतो. घाईने येऊन करायचे हे काम नव्हे.

तेव्हा पहिली मागणी: आपल्याकडून कोणीही, कसल्याही चांगल्या हेतूने, या ऑर्गनजवळ येऊ नये.

दुसरी मागणी तातडीची आहे. आत मारलेल्या औषधाचे नाव, त्याचे प्रमाण, ते कोणत्या द्रावकात होते, बॅच क्रमांक आणि आपला परवाना क्रमांक मला सात दिवसांत लेखी हवा. फोनवर एकाने "बायफेन्थ्रिन असेल" सांगितले, दुसऱ्याने "कंपनीचे मिश्रण आहे, सांगता येत नाही." कारागीर पेटी उघडील तेव्हा तो त्या औषधाच्या अवशेषांत आणि वासात तासन्‌तास हात घालून बसणार आहे. त्याला काय हाताळतो आहे ते कळायलाच हवे. शिवाय लक्षात घ्या, ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ मध्ये सेवेतील त्रुटीची जी व्याख्या आहे तिच्यात निष्काळजीपणाबरोबर ग्राहकापासून संबंधित माहिती जाणूनबुजून दडवणे हेही येते.

पैशांचे म्हणाल तर कराराची रक्कम परत करा हे उघडच आहे. त्यापलीकडे, पाइप ऑर्गन जाणणाऱ्या कारागिराने इथे येऊन केलेली तपासणी, त्याचा प्रवास आणि राहणे, आणि नंतर झडपांचे कातडे, हवापेटीचे सांधे, पोचे पडलेल्या नळ्या यांची दुरुस्ती, हा खर्च आपण द्यायचा आहे. आकडा आज लिहीत नाही. पेटी उघडल्याशिवाय जो आकडा सांगेल त्याच्यावर मी विश्वास ठेवणार नाही, आणि आपणही ठेवू नये. मात्र हा खर्च आपला आहे, हे तत्त्व आज लेखी मान्य करा. 'जुने फर्निचर' या कलमाआड लपू नका. ज्या वस्तूला हात लावू नये असे आपल्याच करारावर आपल्याच माणसाची सही आहे, ती वस्तू सेवेत येत नव्हती. म्हणून सेवेच्या अटीही तिला लागू नाहीत.

कामगारांना दंड करू नका, ही माझी विनंती आहे. त्या मुलाने ठोकून पाहिले, पोकळ लागले, आणि त्याला शिकवले होते तेच त्याने केले. करारावरचा शेरा त्याच्यापर्यंत पोचवणे हे ऑफिसचे काम होते. त्याच्या हातातल्या कामाच्या कागदावर फक्त 'घर, जुने, तीन खोल्या' एवढेच होते. तो कागद त्यानेच मला दाखवला आणि मी त्याचा फोटो घेतला आहे.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत समाधानकारक लेखी उत्तर न आल्यास मी मडगावला दक्षिण गोवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. राहत्या जिल्ह्यात तक्रार करण्याचा हक्क कायद्याने ग्राहकाला आहे, त्यामुळे 'वाद आमच्या मुख्यालयाच्या शहरातच चालेल' हे आपल्या करारातले वाक्य मला अडवू शकत नाही. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्याने तिथे शुल्कही पडत नाही.

आणि कृपा करून, पुढच्या उत्तरात तरी पियानो लिहू नका.

आपली,
बोरी येथील ग्राहक

सोबत: शेरा व सही असलेल्या कराराची प्रत, आदल्या दिवशीचा ईमेल, कामाच्या कागदाचा फोटो, सिलिकॉनच्या ट्यूबचा व तळातल्या भोकांचा फोटो, आपोआप वाजणाऱ्या सुरांचे ध्वनिमुद्रण