सोलापूरहून, साडेसातच्या गोळीनंतर

सोलापूर,
सकाळी सव्वाआठ

प्रिय दोस्ता,

साडेसातची पार्किन्सनची गोळी लागली आहे. म्हणजे दहापर्यंत हात माझा आहे, तेवढ्यात जमेल तेवढं लिहितो. अक्षर मुंगीएवढं व्हायला लागलं की समज, गोळी उतरली. मग थांबेन आणि पुढची लागली की पुन्हा बसेन. फोनवर तुझ्याशी वाद घालायचं त्राण राहिलं नाही. माझा आवाज बसलेला, तू "काय? काय?" करत राहतोस आणि वाक्य काही पुरं होऊ देत नाहीस. पत्र तरी तुला गप बसून वाचावं लागेल बे.

तुझं म्हणणं, सगळ्या गोळ्या सोडून दे, तुझ्या ओळखीतला एकजण नुसत्या खाजकुइलीच्या चूर्णावर ठणठणीत आहे. अरे, खाजकुइलीच्या बियांत लेव्होडोपाच असतं. माझ्या गोळीत आहे तेच. म्हणजे तो बाबा औषध घेतोच आहे, फक्त किती घेतोय ते त्यालाही ठाऊक नाही. आणि मी माझ्या गोळ्यांवर ते चूर्ण घेतलं तर दुप्पट होईल. तेव्हा येताना डबा घेऊन येऊ नकोस.

आता एक गोष्ट सांगतो, तुझ्यापासून लपवली होती. मी गोळ्या सोडून बघितल्यात. सगळ्या. एकदम.

तेव्हा दिवसाला अकरा गोळ्या होत्या, चार तऱ्हेच्या. लेव्होडोपा-कार्बिडोपा, प्रामिपेक्झोल, ट्रायहेक्सिफेनिडिल तीन-तीन वेळा, अमँटाडिन दोनदा. एक वाढली की दुसरी तिच्या सोबतीला यायची, कमी कुठलीच व्हायची नाही. त्या वर्षी मी सतरा रेडिओ घेतले. मोबाइलवरून, जुन्या बाजारातून, एक तर रिक्षावाल्याच्या रिक्षातला काढून. रात्री दोनला उठून मी रेडिओ बघत बसायचो. हिनं पैशाचं विचारलं तर "माझी पेन्शन आहे" म्हणून खेकसलो, आणि पुढे असं बोललो की ते इथे लिहीत नाही.

आणि दिवेलागणीला जॅकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी उतरवायच्या, कार्डांच्या जुन्या खोक्यावर दोन पोरं येऊन बसायची. एकाच्या अंगात निळा सदरा. बोलायची नाहीत. मी एकदा म्हणालो, "पोरांनो, घरी जावा आता, आई वाट बघत असेल." सून दारात उभी होती. तिच्या हातातलं ताट तसंच राहिलं.

मग मी ठरवलं, हे सगळं गोळ्यांनी केलंय. बरोबरच होतं ते, पण अर्धंच. गड्ड्याच्या जत्रेचे दिवस होते. म्हटलं, यंदा सिद्धेश्वरांच्या अक्षता डोकं साफ ठेवून बघायच्या. दोन दिवस आधीच्या सकाळपासून एकही गोळी नाही. पहिला दिवस इतका छान गेला म्हणून सांगू! दुपारी हिला म्हणालो सुद्धा, बघ, उगीच आठ वर्षं विष खाल्लं.

दुसऱ्या रात्री तीनला कूस बदलायची होती. जमेना. अंगावर चादर होती, माझ्याच ग्राफवरून विणलेली, मोराची. रंगाच्या हौदातून काढलेली ओली चादर जशी जड असते, तशी ती अंगावर पडली होती. हाक मारायची तर घशातून आवाज नाही. सकाळी मुलानं उचलून बसवलं, चहा तोंडाच्या कडेनं गळ्यावर आला. गोळी गिळायला अर्धा तास लागला. सगळं गाव अक्षतांना लोटलं होतं आणि मी भिंतीला टेकून ढोल ऐकत होतो.

डॉक्टर एवढे चिडले की मुलगाच घाबरला. म्हणाले, ताप चढला नाही हे नशीब समजा. ही औषधं एकदम तोडली तर काहींना जोराचा ताप येतो, अंग लाकूड होतं, शुद्ध हरपते, माणूस जातोही. पूर्वी, १९७०च्या दशकात, दवाखान्यात ठेवून मुद्दाम काही दिवस लेव्होडोपा बंद करायचे, "औषधाची सुट्टी" म्हणायचे त्याला. न्यूमोनिया आणि रक्ताच्या गुठळ्या व्हायला लागल्या तशी ती पद्धत मोडीत निघाली. मी तीच सुट्टी घरी घेतली होती, तीसुद्धा गड्ड्याच्या दिवसात!

पण चिडून झाल्यावर त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि म्हणाले, कमी करायच्यात ना? करू. पण कुठली आधी, ते मी सांगणार.

अक्षर गेलं. थांबतो.

दुपारी पावणेतीन

कडक भाकरी आणि शेंगाचटणी झाली. गोळी अर्धा तास आधी घेतली होती. प्रथिनं आणि लेव्होडोपा आतड्यात एकाच दारातून आत शिरतात, त्यात शेंगा दांडग्या. जेवताना गोळी घेतली की ती दाराबाहेरच उभी राहते आणि मी खुर्चीत. ही साधी गोष्ट मला पाच वर्षांनी कळली. चटणी सोडणार नाही, वेळ सांभाळीन.

तर क्रम. तू आमच्या धंद्यातला नाहीस, तरी सांगतो. लेव्होडोपा म्हणजे ताणा, उभे धागे. बाकीच्या तीन म्हणजे नक्षीची कार्डं. कार्ड काढलं तर मोराचा तुरा जाईल, चादर राहील. ताणा कापला की मागावर काही उरत नाही. पहिली काढली ट्रायहेक्सिफेनिडिल, दोन महिन्यांत थोडी थोडी करून. म्हातारपणी ती डोकं धूसर करते, तोंड कोरडं, पोट बांधलेलं. हात जास्त थरथरायला लागला, पण मला शेजाऱ्यांची नावं आठवायला लागली. मग प्रामिपेक्झोल. ती सोडताना वाईट हाल झाले. घाम, तगमग, मालिका बघून रडू. डॉक्टरांनी वेग आणखी कमी केला. चार महिने लागले. अमँटाडिन अजून थोडी आहे.

रेडिओचं वेड गेलं. प्रामिपेक्झोलनं काहींना जुगाराचा, खरेदीचा नाद लागतो, हे गोळ्यांच्या खोक्यातल्या कागदावर बारीक अक्षरात छापलेलं होतं. सुरू करताना मला कुणी तोंडानं सांगितलं नाही, याचा राग अजून आहे. पण हिला मी तेव्हा जे बोललो ते गोळीचं होतं की माझं, हे मला ठरवता येत नाही. ही म्हणते, सोड आता. मला सुटत नाही.

उरला ताणा. तुझा दुसरा मुद्दा, ही गोळी पुढच्यासाठी राखून ठेवावी, लवकर घेतली की संपते. थोरलीनं मला नेदरलँड्समधलं एक संशोधन वाचून दाखवलं, २०१९ सालचं. ४४५ रुग्ण, निम्म्यांना लेव्होडोपा लगेच, निम्म्यांना ४० आठवड्यांनी. ८० आठवड्यांनंतर दोन्ही गटांत फरक नव्हता. म्हणजे गोळी रोग थांबवत नाही, आणि वाढवतही नाही. मेंदूतल्या पेशी आपल्या चालीनं जातच राहतात.

तरी कमी करायचा प्रश्न आलाच, कारण गोळी भरात असली की मी डोलतो. मान, खांदा, उजवा पाय. मुलगा म्हणतो, बाबा, लग्नात लोक बघतात, थोडी कमी करू या. त्याचं चुकत नाही. पण कमी केली की मी शांत बसलेला दिसतो, आणि तो शांतपणा बघणाऱ्याला बरा वाटतो. आत मी कोंडलेला असतो, नाकावरची माशी हाकलता येत नाही. डोलत असलो तर स्वतः चहा करून घेतो, कपात निम्माच का राहीना. मी डॉक्टरांना सांगितलं, लग्नात डोललो तर डोललो.

त्यांनी मधला मार्ग काढला. तीन मोठ्या मात्रांच्या जागी पाच लहान. दिवसाची बेरीज किंचित कमी. तीन आठवडे वहीत लिहायचं, कधी लागली, कधी उतरली, कधी डोललो. आज अकरावा दिवस. डोलणं कमी आहे. पहाटेचा कडकपणा मात्र वाढलाय, चपलेत पाय घालायला दहा मिनिटं लागली. तीन आठवड्यांनी वही घेऊन जाईन. नाही जमलं तर पुन्हा पहिल्यासारखं करायचं, त्यात मला लाज नाही.

पोरं आता येत नाहीत. खोटं कशाला बोलू, परवा दिवेलागणीला मीच दोनदा खोक्याकडे बघितलं.

सतरातले अकरा रेडिओ विकले. एक तुझ्यासाठी ठेवलाय, विविध भारती स्वच्छ लागतं. न्यायला ये. सकाळी आठनंतर ये, त्याआधी मला दार उघडता येत नाही. अक्षर बघ, निघालं

तुझा,
चादरवाला